औशाच्या शेवरलेटचं इंजिन

लातूर,
२२ सप्टेंबर १९८३

प्रिय महादेवी,

पाकिटावरचं अक्षर तू ओळखलं असशील. घाबरू नकोस. मी धडधाकट आहे आणि आजारी पडायला या घरात माझ्याशिवाय दुसरं कुणी उरलेलं नाही. दहा वर्षांत मी तुला एक ओळ लिहिली नाही. तू मात्र पहिली तीन वर्षं दर दिवाळीला पत्र टाकत होतीस. तुझी आई ती वाचून तांदळाच्या डब्यामागे ठेवायची, मला दिसू नयेत म्हणून. ती बाजारात गेली की मी ती काढून वाचायचो आणि घडी जशी होती तशी घालून परत ठेवायचो. पत्ता तिथूनच घेतला आहे. नांदेडला वजिराबादेत अजून त्याच घरात राहता असं धरून चाललोय.

आधी इकडची हालहवाल. लातूर जिल्हा झाल्याला वर्ष उलटलं. उस्मानाबादच्या कानामागून आलं आणि तिखट झालं, असं आम्ही गॅरेजात बसून म्हणतो. ज्याच्या दुकानाला धड दार नव्हतं त्यानंही पाटीवर 'जिल्हा लातूर' रंगवून घेतलं. साहेबांच्या जीपा आल्या, त्यांचे ड्रायव्हर आले, त्यामुळे काम बरं चालतं. पूर्वी रविवारी गॅरेज बंद असायचं, तुला आठवतं. आता मी ते उघडतो. घरी बसून भिंतींशी काय बोलायचं? भाकरी थापायला शिकलोय. गोल होत नाही, पण पोट काही आकार तपासत नाही. आई होती तेव्हा मी जेवताना बोलत नसे, ती म्हणायची, घास झाला की तोंड मोकळंच असतं की तुमचं. आता तोंड दिवसभर मोकळं असतं. कधी कधी गिऱ्हाईक गेल्यावर लक्षात येतं की सकाळपासून मी तेवढं एकच वाक्य बोललो, 'उद्या या' म्हणून.

आता ज्या कारणासाठी कागद घेऊन बसलोय त्यावर येतो. औशाच्या अमृतरावांची शेवरलेट तू विसरली नसशील. विसरणार कशी? एकावन्न सालची, हिरवी, पुढून हसल्यासारखी दिसायची. ती गाडी गेली दहा वर्षं त्यांच्या लिंबाखाली उभी होती. कोंबड्या मागच्या सीटवर अंडी घालायच्या. गेल्या महिन्यात पुण्याहून एक गृहस्थ आले. अमेरिकन जुन्या गाड्या शोधत गावोगाव फिरणं हा त्यांचा नाद. त्यांनी गाडी बघितली आणि एकच विचारलं, इंजिन मूळचंच आहे का? मूळचं असेल तर घेतो, नाहीतर लोखंड म्हणून कुणालाही द्या. अमृतराव सरळ म्हणाले, न्हाई, मूळचं चोरीला गेलं, हे लॉरीचं हाय. तरी ते गृहस्थ म्हणाले, बघू तर द्या. मग गाडी बैलांनी ओढत माझ्या दारात आणली. अमेरिकन गाडी आणि पुढं खिलारी जोडी, अख्खा औसा रोड बघायला जमला होता.

तुला सगळं ठाऊक आहे, तरी मला ते पहिल्यापासून लिहू दे, कारण मी ते आजवर कुणाजवळच धड बोललेलो नाही. बहात्तरच्या दुष्काळात अमृतरावांच्या एका विहिरीला तेवढं पाणी होतं, पण खोल, मोटेनं निघेना. दुष्काळी कामावर खडी फोडणारी माणसं घागर घेऊन रांगेत उभी राहायची. तेव्हा अमृतरावांनीच म्हटलं, माझी गाडी तशी उभीच हाय, तिचं इंजिन काढा आणि पंपाला लावा. मी आणि रामकिशननं ते उतरवलं, लाकडी ओंडक्यांवर बसवलं, पेट्रोलवर सुरू करून रॉकेलवर चालेल असं केलं. ते चालवायला दहा महिने रामकिशन त्या विहिरीवर राहिला. उमरीहून त्याची आई नागुबाई एकदा भेटायला आली होती, तिनं मला सांगितलं, लेकरू माझं इंजिनाच्या उशाला झोपून राहिलंय. खरंच झोपायचा. त्याआधी सात वर्षं तो माझ्या हाताखाली होता आणि माझ्याइतकंच त्याला इंजिन कळत होतं. मला ते आवडायचं. पुढं पुढं थोडं खुपायलाही लागलं होतं.

पुढल्या साली पाऊस झाला. दसऱ्याच्या आधी इंजिन परत आणलं. खांडेनवमीला आपल्याकडे नेहमीसारखी हत्यारांची पूजा मांडली होती, मधोमध ते इंजिन, आणि दुकानदार, ड्रायव्हर, अमृतराव सगळे जमलेले. अमृतरावांनी गाडीचं रजिस्टर बुक आणलं होतं. इंजिनाचा नंबर बघू म्हणाले. नंबर दिसेना. तुला माहीत आहे का दिसेना ते. डिस्ट्रिब्युटरच्या मागे बोटभर सपाट जागा असते, नंबर तिथं ठोकलेला असतो, आणि अख्ख्या इंजिनावर विभूतीचे पट्टे ओढायला सपाट अशी तेवढीच जागा. गाडी दरसाल पूजेला आपल्याकडे यायची आणि मी तिथंच विभूती लावायचो, वर हळद-कुंकू, त्यावर तेल उडायचं, धूळ बसायची, इंजिनाच्या गरमीनं ते भाजून निघायचं. सोळा-सतरा वर्षांचे थर. विटेसारखे घट्ट झालेले.

तेव्हा कुणीतरी म्हणालं, मागच्या बाभळीखाली त्याच कंपनीच्या लॉरीचं इंजिन पडलेलं असायचं ते कुठं गेलं? तू त्यावर बसून चिंचा खायचीस, ते. ती दोन्ही इंजिनं जुळ्या भावासारखी, सहा सिलिंडरची, दरसालची विभूतीही दोन्हींवर, वरवर बघणाऱ्याला फरक कळायचा नाही. लॉरीचं जागेवर नव्हतं. एवढं कळल्यावर लोकांनी दोनात दोन मिळवले. चांगलं इंजिन रामकिशननं विकलं आणि विहिरीवर लॉरीचं लावलं, दहा महिने एकटाच तर होता. रामकिशन एवढंच म्हणाला, अप्पा, खरवडा की, नंबर खालीच हाय. आणि तो पेचकस घेऊन वाकला. मी त्याचा हात धरला. पूजेचा पट्टा आहे, भरल्या पूजेत खरवडायचा नसतो, असं मी म्हणालो. मग काय, लोकांना तेवढंच पाहिजे होतं. ह्यांनी बौद्ध होऊन देव सोडले, ह्यांना पूजेचं काय, असं एकजण मोठ्यानं बोलला. रामकिशन माझ्याकडे बघत राहिला. मी अमृतरावांना म्हणालो, चूक माझी आहे, मी त्याच्या भरवशावर इंजिन सोडायला नको होतं. ऐकायला किती सज्जन वाटतं बघ. एवढ्या एका वाक्यानं तो चोर ठरला. पूजा उठल्यावर इंजिन तसंच गाडीत बसवलं, थर खरवडून बघायचं कुणाच्याच मनात आलं नाही.

अमृतरावांनी पोलिसात दिलं नाही, ते त्यांचं मोठेपण. पण औशापासून उदगीरपर्यंत एकाही गॅरेजवाल्यानं त्याला उभं केलं नाही. उमरीच्या बाजारात नागुबाईला बायकांनी तोंडावर विचारलं, हे मला नंतर कळलं. तो नांदेडला गेला आणि आठ दिवसांनी तूही गेलीस. जाताना उंबऱ्यात उभी राहून म्हणालीस, अप्पा, रस्त्यावरनं गेलेली गाडी नुसती ऐकून तुम्ही सांगता कुठला सिलिंडर मारत नाही, आणि सोळा-सतरा वर्षं हातातलं इंजिन तुम्हाला ओळखता येत नाही? तुझं बोलणं उद्धटपणाचं आहे असं मी आईला सांगितलं.

तर ते पुण्याचे गृहस्थ. पन्नाशीचे, चष्मा, अंगात पांढरा सदरा, आणि तो घालून बेधडक गाडीखाली शिरणारे. मला आवडले. ते म्हणाले, मिस्त्री, ही विभूती तुम्ही लावलीत ना, मग तुम्हीच काढा, माझा हात नको. मी रॉकेलची चिंधी ठेवून ठेवून तो थर भिजवला आणि पितळी पट्टीनं हळूहळू काढला. अर्धा दिवस गेला. थरांचे पापुद्रे निघत होते, पांढरा, मग काळा, मग पिवळा, मग पुन्हा पांढरा. खाली नंबर निघाला. अमृतरावांनी बुक धरलं होतं, मी एकेक आकडा वाचत गेलो आणि ते बुकात बोट ठेवत गेले. सगळे आकडे जुळले.

मला वाटलं झालं. पण त्या गृहस्थांचं समाधान नव्हतं. म्हणाले, नंबर काय, ठसे आणि हातोडी असली की कुणीही ठोकतो. जुना घासायचा, पाहिजे तो मारायचा. त्यांनी भिंग काढलं आणि मला दाखवलं, त्या सपाट जागेवर केसासारख्या बारीक आडव्या रेघा होत्या. कारखान्यात ती जागा तासताना पडलेल्या. कुणी घासलं असतं तर आधी त्या गेल्या असत्या. मग त्यांनी ब्लॉकच्या कुशीला ओतीव अक्षरं शोधली, एक इंग्रजी अक्षर आणि तीन आकडे. अक्षर महिन्याचं, मग तारीख, मग सालाचा शेवटचा आकडा. जून महिना, बारा तारीख, एकावन्न साल. गाडीच्या पाटीवर त्याच सालचा ऑगस्ट. इंजिन आधी ओततात, गाडी नंतर जोडतात, तेव्हा हिशेब बरोबर बसला. चाळीस वर्षं या धंद्यात आहे, पण लोखंडावर त्याची जन्मतारीख लिहिलेली असते हे मी त्या दिवशी शिकलो. शेवटी त्यांनी वरचं झाकण उघडून आत बघितलं आणि विचारलं, हे रॉकेलवर दहा महिने चाललं म्हणता, मग आत इतकं स्वच्छ कसं? कुणी सांभाळलं? मी नाव सांगितलं. दहा वर्षांत पहिल्यांदा ते नाव माझ्या तोंडून निघालं.

अमृतराव खाटेवर बसले. आता त्यांची सत्तरी उलटली. बुक मांडीवर ठेवलं आणि म्हणाले, मडिवाळप्पा, मंग त्या लेकराचं काय? आपुन तर त्याला चोर म्हणून राहिलो इतकी वर्षं.

मी म्हणालो, माझी चूक झाली.

यावर लोक काय म्हणाले ते तुला सांगायला हवं. सगळ्यांनी मला माफ करून टाकलं. कुणी म्हणालं, विभूतीखाली काय दिसणार हो, देवालाही दिसलं नसतं. कुणी म्हणालं, स्वतःच्या हातानं खरवडून चूक कबूल केली, असा माणूस मिळत नाही आजकाल. हॉटेलवाल्यानं चहा पाठवला. संध्याकाळपर्यंत मी गल्लीतला सगळ्यात प्रामाणिक माणूस झालो होतो. पुण्याचे गृहस्थ गाडी घेणार आहेत, आणि त्यांना माझ्या सहीचा कागद पाहिजे, की इंजिन मूळचं आहे, ते कधी काढलं, कुठं चाललं, कुणी चालवलं. तो कागद मी त्याच दिवशी लिहून दिला. रामकिशनचं नाव त्यात दोनदा घातलं. चहा पिऊन सगळे गेले आणि मी गॅरेजचं दार लावून आत बसलो, आणि महादेवी, मी रडलो. आई गेली तेव्हाही इतका रडलो नव्हतो.

आई गेली तेव्हा तू एकटी आलीस. रामकिशन गल्लीच्या तोंडाशी, पानटपरीजवळ उभा होता. तुला वाटलं असेल मला दिसला नाही. मला तो चांगला दिसला. डोक्याला रुमाल बांधलेला, उन्हात तीन तास उभा होता. माती द्यायला नेताना आम्ही त्याच्या समोरून गेलो तेव्हा तो हात जोडून बाजूला सरकला. एक शब्द बोललो असतो तर तो खांदा द्यायला आला असता. तू त्याच संध्याकाळच्या गाडीनं परत गेलीस. तुला एक मुलगी आहे असं मी भोकरच्या एका ड्रायव्हरकडून ऐकलं. तिचं नाव काय ते त्याला माहीत नव्हतं आणि मला पुढं विचारवलं नाही.

चार दिवस झाले हे पत्र लिहितोय. इथवर तीनदा आलो आणि तीनदा फाडलं. आता लिहितोच.

दुष्काळात आपल्या घरी दोन पोती ज्वारी आली होती, आठवते? उदगीरहून मामानं पाठवली असं मी सांगितलं होतं. लोक रेशनच्या लाल मिलोवर आणि सरकारी सुकडीवर दिवस काढत होते आणि आपल्या घरी पांढरी भाकरी होत होती. ती ज्वारी मामानं पाठवली नव्हती. निलंग्याकडच्या एका गिरणीवाल्याला इंजिन पाहिजे होतं. बाभळीखालचं लॉरीचं इंजिन मी त्याला दिलं आणि बदल्यात ज्वारी घेतली. पहाटे बैलगाडीत घालून दिलं, कुणी बघू नये म्हणून. मडिवाळप्पा मिस्त्रीवर पोटासाठी सामान विकायची पाळी आली, असं लोकांनी म्हणू नये एवढीच माझी अक्कल. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, तो मीच. पुढं चंद्रप्पामामा घरी आला तेव्हा आईनं ज्वारीबद्दल त्याचे आभार मानले, आणि तो म्हणाला, कसली ज्वारी? त्या दिवशी आईला सगळं कळलं असं मला वाटतं. सहा वर्षं माझं ताट वाढलं, पाणी दिलं, दुखलं-खुपलं बघितलं, पण माझ्याशी म्हणून काही बोलली नाही.

आता तुझ्याही लक्षात आलं असेल. लॉरीचं इंजिन मी स्वतः दिलेलं, तेव्हा त्या खांडेनवमीला समोर जे होतं ते गाडीचंच होतं. मला नंबर बघायची गरज नव्हती. तिथं जमलेल्या पन्नास माणसांत रामकिशन सोडला तर ते नक्की माहीत असलेला मी एकटा होतो, आणि मी पूजा आडवी घातली. त्या दिवशी लोकांसमोर मी चूक झाली म्हणालो, तेही खोटंच. चूक न कळता होते. मी कळून केलं. ज्वारीची लाज तर होतीच, पण ती गिळता आली असती. खरं कारण वेगळं होतं. त्याच्या दोन दिवस आधी रामकिशन माझ्याकडे आला होता. हात धुऊन, स्वच्छ सदरा घालून. खाली बघत म्हणाला, अप्पा, महादेवीला मागायला आलोय, तुम्ही न्हाई म्हणालात तर तसं. इतक्या सरळपणे मला आजवर कुणी काही विचारलं नाही. दसरा होऊ दे, मग बोलू, असं मी म्हणालो. उमरीच्या नागुबाईचा पोरगा माझा जावई होणार, हे मला सोसेना. त्याच्या तोंडावर मी तसं बोलू शकत नव्हतो, कारण गॅरेजात एका डब्यात जेवणारा माणूस मी, सगळ्यांना सांगायचो आपल्याकडे भेदभाव नाही. मग आयता आळ समोर आला आणि मी गप्प बसलो. तो चोर नव्हता हे मला त्याच्या स्वतःइतकंच माहीत होतं.

दसऱ्याला अजून तीन आठवडे आहेत. खांडेनवमीला लोक जमतील तेव्हा ज्वारीसकट सगळं मी त्यांच्यासमोर बोलणार आहे. अमृतरावांना आधी जाऊन सांगणार आहे. पण त्यांच्याही आधी हे ज्याच्या कानावर जायला हवं तो तुझ्या घरात आहे, आणि त्याच्यासमोर उभं राहून बोलायची माझी छाती होत नाही. जीभ उचलली तर पुन्हा 'चूक झाली' एवढंच बाहेर येईल, आणि तो भला माणूस तेवढ्यावरच मला माफ करून टाकेल. म्हणून हे लिहिलं. इथवर तू एकटीनं वाचलं असशील तर आता रामकिशनला हाक मार. त्याला वाचता येतं हे मला माहीत आहे, पण त्याच्या हातात देऊ नकोस. समोर बसवून, पहिल्या ओळीपासून, मोठ्यानं वाचून दाखव. मध्ये थांबू नकोस, माझी कीव येऊन एखादी ओळ गाळू नकोस. त्याला हे तुझ्या आवाजात ऐकू दे, माझा आवाज त्यानं पुरता ऐकलाय. उत्तर तू देऊ नकोस. द्यायचं तर तो देईल, आणि त्यानं दिलं नाही तर ते बरोबरच आहे असं मी समजेन.

तुझाच,
अप्पा